शेवटची फेरी रिकामी गेली

अंगाने काटकुळी आणि जिभेने टोचरी, म्हणून वस्तीने आपल्या शिवणकाम करणाऱ्या बाईचं नाव टाचणी ठेवलं होतं आणि तीही ते कौतुकाने मिरवत होती. बोलण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हणूनच प्रवासी मंडळाने नगरपालिकेच्या सभेत बोलायचं काम तिच्या गळ्यात घातलं. मागणी साधी होती. बससाठी दर वर्षी हात पसरावे लागू नयेत, करातला ठरलेला वाटा कायमचा मिळावा. टाचणीला तर ही निकड घरातच होती. चाकांच्या खुर्चीतल्या थोरल्या बहिणीला डायलिसिससाठी सारखं नदीपलीकडच्या दवाखान्यात न्यावं लागे, आणि यंदा पैसे नाहीत म्हणून पुलावरची बसच बंद करायचं घाटत होतं.

गंमत अशी, की हे मंडळ दर वर्षी सभेला यायचं आणि हात हलवत परत जायचं. बसचा विषय नेमका शेवटी. तो निघेपर्यंत शेवटच्या बसची वेळ व्हायची, आणि बसची बाजू मांडायला आलेले हे शहाणे बस चुकेल म्हणून पळत सुटायचे. मग सभापती रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवायचे. "बघा, लोकांनाच पडलेली नाही." की विषय गेलाच पुढच्या वर्षावर.

यंदा टाचणीने सगळ्यांना बजावलं होतं, कोणी जागचं हलायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. माना काय, दर वर्षीच डोलायच्या.

संध्याकाळी नदीपलीकडच्या सभागृहात गटारांची चर्चा रेंगाळली असतानाच खिडकीखालच्या थांब्यावर बस येऊन उभी राहिली. चालकाने दोनदा हॉर्न दिला. मागे राहिलेल्यांना तो अशीच हाक मारायचा. आणि काय सांगावं, सगळ्यांना बजावणारी टाचणीच पिशवी उचलून उभी राहिली!

शेजारी चाकांच्या खुर्चीत बसलेल्या बहिणीने तिचा हात ओढला. "अगं, निघालीस कुठे?"

"ताई, बस..."

"जाऊ दे. मागे बघ जरा."

टाचणीने वळून पाहिलं. भाजीवाली, काठी टेकत आलेले मास्तर, मांडीवर झोपलेलं पोर घेऊन बसलेली बाई. एकही खुर्ची रिकामी नव्हती. दवाखान्यातली आया तर दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून बसली होती, जणू कोणी तिला उचलूनच नेणार होतं. चालकाने थोडी वाट पाहिली. मग दार लागल्याचा आवाज आला आणि बस रिकामीच निघून गेली. आता घरी कसं जायचं, हे यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं आपण मापं घेतली ती हीच माणसं का, तिला कळेना.

सभापतींनी विषय पुकारला, सवयीने खुर्च्यांकडे बोट उचललं आणि तसंच खाली घेतलं. "कोण बोलणार?"

पाठ केलेलं भाषण टाचणीच्या डोक्यातून पार उडालं. जन्मात पहिल्यांदा तिची जीभ टाळ्याला चिकटली. "साहेब," ती कशीबशी म्हणाली, "शेवटची बस गेली. आम्ही सगळे इथेच आहोत."

एवढंच. मतदान झालं आणि ठराव काठावर का होईना, मंजूर झाला.

मग सगळे पायीच निघाले. ताईची खुर्ची कोणी ढकलायची यावरून भांडणं लागली. बसमधून एवढासा वाटणारा पूल चालताना संपता संपेना. पुढे माणसं, मागे माणसं. टाचणी नुसती बघतच राहिली.

"परवा सकाळी बस आहे ना गं?" बहिणीने विचारलं.

"आहे."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीही आहे, ताई."