भाऊजींची कवळी

वाटीतल्या पाण्यात पडलेली कवळी – गुलाबी, नवीकोरी, कुणाचीच नसल्यासारखी. तिनं वाटी उजेडात सरकवली आणि सहज वर पाहिलं...

"टोचतेय हो, वहिनी. लोकाच्या तोंडानं बोलतोय असं वाटतं," भाऊजी म्हणाले. तिचे धाकटे दीर. दातांवाचून गाल आत ओढलेले, हनुवटी नाकाला भेटायला निघालेली. हा तो होता – तिचा नवरा, आज असेल तसा.

युद्धाच्या दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याचं विमान पडलं. वैमानिक जिवंत हाती लागला, हे शत्रूच्या रेडिओनंच नावासकट सांगितलं. युद्ध संपून कैदी परतले तेव्हा मात्र 'असा कुणी आमच्याकडे नव्हताच'. तो अठ्ठावीसचा. त्याला तसाच ठेवून एकटीनं म्हातारं व्हायला ती तयार नव्हती. म्हणून भाऊजींवरून ती त्याला मनात वाढवत आली – त्यांच्या कानशिलांवर पांढरं आलं तेव्हा त्याच्याही, त्यांना चष्मा लागला तेव्हा त्यालाही. 'गेला' म्हणणाऱ्याला तिनं दारात उभं केलं नाही, जन्मदात्या आईलासुद्धा.

"काय बघताय? भूत दिसलं?"

"घाला ती आधी."

"घालतो बापडा. ही घातली की मी रडलो तरी लोकांना वाटतं, हसतोय."

कवळी बसली. गाल भरले, समोर पुन्हा एक खाऊनपिऊन सुखी म्हातारा. पण तिकडे... तिकडे कोण बसवून देणार? दाढ ठणकली तेव्हा त्यानं कुणाला सांगितलं असेल? आणि चष्मा – चष्मा तरी कुणी दिला? तो तिनं दिला, इथं, या खोलीत बसून. तिकडे तो भिंतीला टेकून, अंधुक डोळ्यांनी कोरडा तुकडा पाण्यात बुडवतोय, हिरड्यांनी चघळतोय, पन्नास वर्षं... आणि जिवंत कुणी ठेवलं त्याला? मी. मरू दिलं नाही. मीच.

"वहिनी, चहा निवला."

"भाऊजी, पकडल्यावर... पहिल्याच दिवसांत... असं होत असेल ना? म्हणजे, लवकर?"

भाऊजींनी उचललेला कप खाली ठेवला. त्याला पहिल्याच दिवसांत मारलं असेल, हेच एकदा ते बोलले होते, आणि तिनं त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला होता.

"होत असेल," ते हळूच म्हणाले. "का?"

ती घाईघाईनं त्याचा चष्मा काढत होती, पांढरे केस पुसत होती, मागे, आणखी मागे, अठ्ठावीसपर्यंत, म्हणजे तिथंच त्याला सोडून देता येईल – पण केस काळे होईनात, आणि ते बोळकं तोंड तिच्याकडे बघून काहीतरी मागत होतं.