त्र्याहत्तर की अठ्ठ्याहत्तर

माझ्या मोठ्या जाऊबाई, बी-युन, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी फोटो काढायला शिकल्या, आणि त्याला कारण झाला एक पक्षी.

आम्ही चिगूच्या खाडीकाठी तळ्यांत साबाही मासे पाळतो. त्यांची तळी बांधाच्या अलीकडे, आमची पलीकडे. थंडीच्या तोंडावर मासे काढून झाले की तळ्यात घोट्याएवढं पाणी ठेवायचं, आणि मग उत्तरेकडून पळ्या येतात. पळी म्हणजे पक्षीच. अंग पांढरंशुभ्र, तोंड काळं आणि चोच थेट आमटीच्या पळीसारखी. तळ्यात राहिलेली बारीक मासळी ती चोचीनं पाणी घुसळून खाते.

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात पळ्यांमध्ये कसलीशी साथ आली होती. त्यातली एक जाऊबाईंच्या तळ्याच्या कडेला मान टाकून पडलेली सापडली. त्यांनी तिला टॉवेलात गुंडाळलं, भाऊजींच्या स्कूटरवर मागं बसून मांडीवर घेतलं आणि तासाभराच्या वाटेवर असलेल्या पक्ष्यांच्या दवाखान्यात पोचवलं. भाऊजी अजून सांगतात, "नवी नवरी म्हणून माझ्यामागं बसली होती ना, तेव्हासुद्धा इतकी सांभाळून बसली नव्हती."

पळी वाचली. सोडण्याआधी डॉक्टरांनी तिच्या पायात लाल कडं घातलं. त्यावर आकडा होता, त्र्याहत्तर. जाऊबाईंनी तो कॅलेंडरवर लिहून ठेवला.

पुढचे दोन हिवाळे त्र्याहत्तर कुणाच्याच दृष्टीस पडली नाही. तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात एका सकाळी लाल कड्याची एक पळी जाऊबाईंच्या तळ्यात उतरली. त्या धावत बांधावर आल्या आणि मला हाक मारली.

"शू-चिन, आली गं माझी."

"कशावरून तुमची?"

"चाल ओळखते मी."

पक्ष्यांची मोजदाद करणाऱ्या मंडळाची एक मुलगी, पेई-रुंग, दर पंधरा दिवसांनी दुर्बीण घेऊन आमच्याकडे येते. शांत आणि नेमकी मुलगी. जाऊबाईंचं ऐकून तिनं वहीवरचं पेन तसंच धरून ठेवलं.

"काकू, आकडा दिसल्याशिवाय मला लिहिता येणार नाही. लाल कड्याच्या पळ्या पुष्कळ आहेत."

"मग थांब ना, दाखवते."

पण पेई-रुंग यायची त्या दिवशी ती पळी नेमकी दुसरीकडे गेलेली असायची. तेव्हा जाऊबाईंना कॅमेऱ्याची आठवण झाली. पुतणी तैपेईला नोकरीला आहे. कंपनीच्या वर्षअखेरीच्या जेवणात सोडतीत तिला एक डिजिटल कॅमेरा लागला होता आणि तिनं तो आईला धाडून दिला होता. चंदेरी, पंजात मावेल एवढा, पण बटण दाबलं की नाक हे एवढं लांब बाहेर यायचं. तोवर त्यातून कुणी धड काही काढलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात जाऊबाईंनी साठ-सत्तर फोटो काढले. पेई-रुंग आल्यावर आम्ही सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ते बघत होतो. भाऊजी माशाची पेज भुरकत मागून डोकावले.

"तळ्यात भूकंप झालेला दिसतोय," ते म्हणाले.

"तुम्ही पेज प्या."

पेई-रुंगनं एक फोटो मोठा करून डोळ्यांजवळ धरला. "पहिला सात आहे, हे नक्की. दुसरा तीन असेल. आठही असेल."

"तीनच आहे."

"काकू, मलाही तीनच हवाय. पण मला तो दिसत नाहीये."

जाऊबाईंना ते लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या मला घेऊन चियालीला निघाल्या. तिथे श्याओ मास्तरांचं फोटोचं दुकान आहे. पासपोर्टपासून लग्नापर्यंत आमच्या भागातल्या सगळ्यांचे फोटो त्यांनीच काढलेत, आणि हनुवटी खाली घ्या म्हणून सगळ्यांना झापलंय. सत्तरीचे आहेत. त्यांनी जाऊबाईंचे फोटो पडद्यावर लावले आणि एकेक करून पुढे सरकवले.

"फार वाईट आहेत का?" जाऊबाईंनी विचारलं.

"वाईट आहेतच. पण वेगवेगळ्या कारणांनी वाईट आहेत, ते बघतोय." त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं. "ह्यात काय हललंय?"

"पक्षी."

"नीट बघा. गवत हललंय, पाणी हललंय, मागचा खांबसुद्धा हललाय. खांब कधी हलतो का? म्हणजे तुमचा हात हलला."

"माझा हात हलत नाही. अजून सुईत दोरा ओवते मी."

"दोरा ओवताना सुई दाबत नाही तुम्ही. इथं बटण दाबताय, आणि त्याबरोबर अख्खा कॅमेरा खाली ढकलताय." ते पुढच्या फोटोवर गेले. "हा बघा. गवत स्वच्छ, खांब स्वच्छ, पक्ष्याची मान तेवढी पुसली गेलीय. इथं हात बरोबर होता, पक्षी हलला. आणि ह्यात तर पक्षी सगळा धुरकट, पण पुढची गवताची काडी बघा, दव मोजून घ्या. कॅमेऱ्याला वाटलं बाईंना काडीचा फोटो हवाय."

"मग करू काय?"

"तीन दुखणी आहेत, तिन्हींना एकच काढा चालायचा नाही." त्यांनी कॅमेरा हातात घेतला. "बटण अर्धंच दाबायचं आणि थांबायचं. हिरवा चौकोन दिसतो ना? तो पक्ष्याच्या पायावर आला की मग पूर्ण दाबायचं. कॅमेरा हवेत धरायचाच नाही, कशावर तरी टेकवायचा. त्यात दोन सेकंदांचा टायमर आहे, तो लावा. बटण दाबून हात काढून घ्या, कॅमेऱ्याला एकट्याला काम करू द्या. ऊन पाठीशी असू दे. उजेड भरपूर असला की ह्याचा डोळा पटकन मिटतो, आणि पटकन मिटला की हलणं कमी दिसतं. दुपारी काढू नका, पाण्यावरची हवा थरथरते."

"आणि अजून जवळ घेतलं तर?"

"ही रेघ आहे ना, हिच्यापुढं घ्यायचं नाही. इथपर्यंत कॅमेरा बघतो, पुढं नुसता ताणतो. पीठ संपल्यावर त्याच गोळीची पारी ताणत बसलं तर काय होतं?"

"फाटते."

"तेच."

परत येताना जाऊबाई स्कूटरवर मागं बसून सगळं पुटपुटत होत्या. अर्धं बटण, हिरवा चौकोन, टेकवायचं, ऊन पाठीशी. मी आरशातून बघितलं तर डोळे मिटलेले होते.

घरी त्यांनी किटलीवर सराव केला, मग पेपर वाचणाऱ्या भाऊजींवर. तळ्याच्या पंपाच्या खोपीला पाण्याच्या बाजूनं एक खिडकी आहे. सकाळी तिथून ऊन पाठीशी येतं. खिडकीच्या कट्ट्यावर टेकवायला काय, हा प्रश्न होता. लाकडाचा ठोकळा घेतला तर कॅमेरा डुगडुगायचा. शेवटी त्यांनी माशांच्या खाद्यानं एक छोटी पिशवी अर्धीच भरली, तिला मध्ये खळगा पाडला आणि कॅमेरा त्यात बसवला. अंड्यावर कोंबडी बसावी तसा तो घट्ट बसला.

खांब आता हलेनासा झाला. पण पळी ऐकेना. झोपली की ती एका पायावर उभी राहायची, आणि कडं असलेला पाय हमखास पिसांत. जागी झाली की चोच अशी डावी-उजवी फिरवत चालायची की टायमरचे दोन सेकंद संपेपर्यंत चौकोनात पाणीच उरायचं.

"टायमर सोडून द्या," मी म्हणाले. "हातानं काढा, एखादा तरी चांगला येईल."

"हातानं काढला की खांब हलतो."

"मग टायमरनं पक्षी हलतो. हलायचं कुणीतरी हलणारच."

दुसऱ्या दिवशी त्या कॅमेरा घरीच ठेवून खोपीत जाऊन बसल्या. तिसऱ्या दिवशीही तसंच. मला वाटलं, नाद सुटला. चहा घेऊन गेले तर त्या खिडकीशी बसून बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"बस इथं, बोलू नकोस," त्या म्हणाल्या. "आता बघ. चोच फिरवतेय. मासा मिळाला. मान वर गेली. एक, दोन. गिळला. आता बघ कशी उभीय."

खरंच, मासा गिळल्यावर पळी क्षणभर स्तब्ध उभी राहिली, जेवल्यावर भाऊजी दारात उभे राहतात तशी. मग पुन्हा चोच पाण्यात.

"दर वेळी उभी राहते," जाऊबाई म्हणाल्या. "म्हणजे ती थांबल्यावर दाबायचं नाही. मान वर जायला लागली की दाबायचं. दोन सेकंदांनी ती आपसूक थांबते."

हे काही श्याओ मास्तरांनी सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर चार सकाळी ढगांत गेल्या. पाचव्या दिवशी स्वच्छ ऊन पडलं आणि पळी खोपीपासून पंचवीसेक पावलांवर आली. मी मागं दाराशी उभी होते. जाऊबाईंनी बटण अर्धं दाबून ठेवलं होतं. पळीची मान वर गेली, त्यांनी बटण पूर्ण दाबून बोट काढून घेतलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकला. टक्‌ असा आवाज झाला. असं त्यांनी सात-आठ वेळा केलं. पळी उडून गेल्यावर त्या पडद्यावर फोटो मोठा करत गेल्या. पाय दिसला, मग पायावरचा चिखल, मग कडं.

त्यांनी कॅमेरा माझ्यापुढे धरला.

"शू-चिन, तू बघ."

मी बघितलं. सात, आणि त्याच्या पुढे आकडा. "मला तीनच वाटतोय," मी म्हणाले.

"खोटं बोलू नकोस. डावीकडून बंद आहे. आठ आहे तो."

दुसऱ्या फोटोतही आठच होता, तिसऱ्यातही. इतका स्वच्छ की वाद घालायला जागाच नव्हती. जाऊबाईंनी पिशवीतलं खाद्य परत पोत्यात ओतलं, कॅमेरा खिशात घातला आणि घरी गेल्या. कॅमेरा कपाटात गेला. पुढचे चार दिवस त्या खोपीकडे फिरकल्या नाहीत. भाऊजींनीसुद्धा एक थट्टा केली नाही, यावरून काय ते समजा.

पेई-रुंग आली तेव्हा कॅमेरा मीच तिच्यापुढे ठेवला. तिनं फोटो बघितला, मग आपल्या वहीची पानं मागं उलटली, आणखी मागं उलटली. तिचा चेहरा बदलत गेला.

"काकू, अठ्ठ्याहत्तर तीन वर्षांत कुणाला दिसलेली नाही. त्याच साथीत आजारी पडली होती. तुमच्या पळीनंतर दोन दिवसांनी तिला सोडलं, आणि मग नाहीच. आम्ही तिच्यापुढं प्रश्नचिन्ह केलंय."

जाऊबाई कोथिंबीर निवडत होत्या. "तिला कुणी आणलं होतं दवाखान्यात?"

"नदीपलीकडचे कालवंवाले आहेत ना, शुई-मू म्हणून, त्यांनी."

"त्यांना कळवलंय का कुणी?"

"आत्तापर्यंत कळवण्यासारखं काही नव्हतंच."

जाऊबाईंनी कोथिंबीर तशीच टाकली आणि हात धुतले. त्या दिवशी दुपारी श्याओ मास्तरांनी फोटो छापून दिला. छापताना हनुवटीबद्दल कुणाला काही बोलले नाहीत, फक्त एकदा म्हणाले, "आकड्याच्या कडा बघा कशा स्वच्छ आल्यात." मग भाऊजींच्या स्कूटरवर जाऊबाई आणि मागून माझ्या स्कूटरवर मी, असे आम्ही पूल ओलांडून गेलो.

शुई-मू म्हणजे पंच्याहत्तरीचे, काटकुळे गृहस्थ. पत्र्याच्या छपराखाली बसून सुरीनं कालवांचे शिंपले फोडत होते. जाऊबाईंनी ओळख सांगितली तरी त्यांचं सुरीचं काम थांबलं नाही.

"ती पळी? मेली असणार," ते म्हणाले. "एक रात्र न्हाणीघरात ठेवली होती. बायको आंघोळीला शेजारी गेली, वर महिनाभर मला बोलत होती. डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. नंतर कुणाचा फोन आला नाही, म्हणून समजून गेलो."

जाऊबाईंनी फोटो पुढे केला. त्यांनी सुरी ठेवली, हात पँटला पुसले, फोटो लांब धरून बघितला, मग जवळ आणला.

"कधीचा?"

"गेल्या बुधवारचा. आमच्या तळ्यातला."

"आठच ना हा?"

"आठच. तो तीन निघावा म्हणून मी फार खटपट केली."

मग सगळी हकिकत सांगावी लागली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली. मध्येच आत हाक मारून बायकोला बोलावलं आणि म्हणाले, "बघ, तुझ्या न्हाणीघरातली पाहुणी." म्हातारीनं फोटो घेतला तो परत दिलाच नाही.

"आणि तुमची?" शुई-मूंनी जाऊबाईंना विचारलं.

"अजून नाही दिसली."

"ही तीन वर्षं दिसली नव्हती," ते म्हणाले आणि पुन्हा सुरी उचलली. निघताना त्यांनी कालवांची एक पिशवी भाऊजींच्या स्कूटरला अडकवली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर खोपीचं दार उघडं होतं आणि खाद्याची पिशवी कट्ट्यावर होती. जानेवारीतल्या मोजणीपर्यंत जाऊबाईंनी आमच्या आणि आसपासच्या तळ्यांवरून अकरा कड्यांचे आकडे वाचून दिले. पेई-रुंगच्या वहीत आता त्यांच्या नावाचा वेगळा रकाना आहे. शुई-मू दोनदा येऊन गेले. खोपीत ते इतकं बोलतात की पळ्या लांब जातात, पण त्यांना कुणी गप्प करत नाही. शेजारपाजारचे लोक आपले हललेले फोटो घेऊन येतात तेव्हा जाऊबाई चष्मा चढवून पहिला प्रश्न विचारतात, "आधी मागचं झाड बघा, ते हललंय का?"

त्र्याहत्तर त्या अकरांत नव्हती. मार्चमध्ये पळ्या उत्तरेकडे गेल्या.

यंदा मासे काढून झाल्यावर भाऊजी तळ्यातलं पाणी सोडायला गेले, तर जाऊबाई बांधावर उभ्या राहून सूचना देत होत्या. खोपीच्या बाजूला गाळ थोडा ओढून घ्या, म्हणजे तिथं पाणी उथळ राहील आणि पळ्या वीस पावलांवर येतील.

"पळ्यांसाठी मी आता तळं पण नव्यानं खणू का?" भाऊजी म्हणाले.

"सगळं नको. एवढाच कोपरा."

ते कुरकुरत फावडं आणायला गेले, आणि संध्याकाळपर्यंत कोपरा झाला होता.