दाराबाहेर ठेवलेल्या चपला

दप्तर एका खांद्यावर टाकून भिंगरीने दार उघडलं, न बघताच बुटात सरकवायला उजवा पाय पुढे केला आणि तो थेट गारेगार फरशीवर पडला.

बूट नव्हते. बाबांचे बूट नव्हते, आईच्या चपला नव्हत्या. इतकंच काय, काल संध्याकाळी बाबांनी सामानाच्या खोक्याच्या फळ्या ठोकून, दोनदा बोट चेचून घेऊन केलेली आणि पहिल्यांदाच दाराबाहेर ठेवलेली चपलांची मांडणीसुद्धा नव्हती. जिन्यासमोरची जागा कशी लख्ख!

"आई, आपल्याकडे चोरी झाली!" तिने जरा जास्तच उत्साहाने हाक दिली.

आई गाळणी हातात घेऊनच बाहेर आली. तिने रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग मागून आलेल्या बाबांकडे.

बाबांना या परक्या शहरात तीन वर्षांचं काम मिळालं म्हणून तिघं आली होती. बाबा कारखान्यात रुळले. भिंगरीने तर इथल्या भाषेचे जमतील तेवढे शब्द पाठ करून शाळेत गप्पांचा सपाटा लावला होता. आईचं मात्र सूत जुळेना. गावातल्या प्रसूतिगृहातली ही खमकी नर्स, जिच्यासमोर मोठमोठे डॉक्टर आवाज खाली आणत, ती इथे पाव आणायलाही भिंगरीला सोबत न्यायची. तिची अट ठरलेली होती. महिनाभर बघू. नाही जमलं तर मी आणि पोरगी परत. तुम्ही करा तुमची तीन वर्षं.

"झालं समाधान?" आई म्हणाली. "आता महिना तरी कशाला पुरा करायचा?"

"अगं, चपला गेल्या म्हणून कोणी देश सोडतं का?" मोज्यांवर उभे असलेले बाबा म्हणाले.

"नुसत्या चपला नाहीत. माझ्या ड्यूटीच्या चपला होत्या त्या."

परत? भिंगरीला मुळीच जायचं नव्हतं. परवाच तर तिला शाळेच्या नाटकात काम मिळालं होतं, तेही चक्क बोलायचं! ती तशीच मोज्यांवर धाडधाड जिना उतरली.

खाली रखवालदारकाका कुंड्यांना पाणी घालत होते. कुंड्या ऐटीत बसल्या होत्या, बाबांच्या मांडणीवर.

"ही आमची आहे!"

"आता माझी," काका खुशीत म्हणाले. "फार मजबूत केलीय. बाबांना सांग हं."

"पण तुम्ही ती न विचारता..."

"विचारायचं काय त्यात? तुम्हीच बाहेर ठेवलीत ना?"

मग हळूहळू, हातवारे करकरून, उलगडा झाला. या इमारतीत ज्याला जे नकोसं होईल ते त्याने दाराबाहेर ठेवायचं आणि ज्याला हवं त्याने न्यायचं. रात्रीपासून सगळे म्हणत होते, नवीन माणसं काय दिलदार आहेत, पायातलंसुद्धा काढून देतात!

भिंगरी हसत हसत पायरीवरच बसली. "अहो, आमच्याकडे चपला बाहेरच काढतात. घरात नाही नेत!"

काकांनी कपाळाला हात लावला आणि आपल्या खोलीतून भिंगरीचे आणि बाबांचे बूट आणून दिले. "चपला मात्र शिंपीणबाईंनी नेल्या. ते समोरचं दार."

"काय म्हणताहेत? कुठे आहेत माझ्या चपला?" मागून आवाज आला. आई अनवाणीच उतरून आली होती. तिच्या हातात गाळणी अजून तशीच होती. भिंगरीने शिंपीणबाईंचं दार दाखवलं. "चल. सांग तिला, त्या माझ्या आहेत."

शिंपीणबाईंनी दार उघडलं. गळ्यात टेप, ओठांत टाचणी आणि पुढे भलंमोठं पोट. पायांत आईच्या चपला. टाचणी काढून त्या भरभर बोलू लागल्या.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, पाय इतके सुजलेत की एकही बूट चढेना. तुमच्या चपला मिळाल्या आणि आज सकाळी कित्येक दिवसांनी बाजारात जाऊन आले." भिंगरी आईकडे वळली. "आई, आता सांगू का, त्या तुझ्या..."

आईने गाळणी तिच्या हातात कोंबली आणि ती खाली बसली. अंगठ्याने तिने शिंपीणबाईंच्या नडगीवर दाबलं, अंगठा उचलला. खळगा तसाच राहिला.

"विचार, डोकं दुखतं का? डोळ्यांपुढे अंधारी येते का?"

भिंगरीला ‘अंधारी’ काही येईना. ती शब्द शोधत असताना आईने स्वतःचं कपाळ दाबलं, डोळ्यांपुढे हात हलवला. शिंपीणबाईंनी नाही म्हणून मान हलवली. आईने पोटाकडे बोट दाखवून बोटं मोजली. शिंपीणबाईंनी सात बोटं वर केली. मग दोघींचं असं काही सुरू झालं की भिंगरी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली.

"हिला आज तपासायला न्यायचं," शेवटी आई उठत म्हणाली. "लगेच."

"मी येते! तुला भाषा..."

"तुला शाळा नाही?"

दाराशी शिंपीणबाईंचे लाल बूट पडले होते, त्यांना न होणारे. त्यांनी ते आईपुढे सरकवले. आईने घालून पाहिले. अगदी बेताचे बसले. पुढल्या क्षणी त्या लाल बुटांत आई शिंपीणबाईंच्या कोपराला धरून रस्ता ओलांडत होती आणि एका मोटारवाल्याला हात दाखवून थांबवतही होती. भिंगरी गाळणी हातात घेऊन बघतच राहिली.

संध्याकाळी जेवताना आई दवाखान्याविषयीच बोलत होती. रक्तदाब ठीक आहे, पण मीठ कमी करायला हवं, पाय उशीवर ठेवून निजायला हवं. आणि तिथली नर्स किती हळू काम करते, बाई!

बाबांनी घास तोडता तोडता सहज विचारलं, "मग महिनाअखेरची तिकिटं बघू का तुमची?"

"महिनाअखेरची?" आईने भाजीचा डाव थांबवला. "ती बाळंत होणार दोन महिन्यांनी. बाळाला आंघोळ कोण घालणार?"

"तिला विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं?"

बाबांनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरीने घाईघाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला.