मानेखालची बाई

फोटोवाला सकाळी दुकानात एका गिऱ्हाइकाला कोट चढवत होता; म्हणजे कॉम्प्युटरवर. पासपोर्ट फोटोसाठी असे बिनडोक्याचे कोट त्याच्याकडे तयारच असत. वर चेहरा बसवायचा, मानेची कडा पुसायची, झालं.

तेवढ्यात त्याच्या फोनवर एक फोटो आला. चेहरा त्याच्या बायकोचा. ती निवडणुकीला उभी होती आणि संध्याकाळी वॉर्डाच्या सभेत बोलणार होती. फोटोत मानेखाली अंगावर कपडा नव्हता.

दुपारी जेवायला बसल्यावर तो म्हणाला, "काळजी करू नकोस, खोटा आहे. मी मोठा करून पाहिला. चेहऱ्यावर उजेड डावीकडून पडलाय, खांद्यावर उजवीकडून."

तिच्या हातातला डाव भांड्यातच राहिला. "उजेड तपासायच्या आधी काय वाटलं होतं तुला?"

तो घास चावत राहिला. मग म्हणाला, "अगं, तुझ्याच बाजूने बोलतोय ना! जोडावर लाल गोल करतो आणि सगळ्यांना पाठवतो."

"म्हणजे ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्याही घरी पोचेल."

सासूबाई पुटपुटल्या, "मलाही आला. शेजारणीने पाठवला, काळजीपोटी म्हणे. म्हटलं, बाई, एवढी काळजी असेल तर फोन विहिरीत टाक."

कुणी हसलं नाही.

मग पक्षाच्या अध्यक्षांचा फोन आला. "वहिनी, आज सभेला नका येऊ. उद्या अर्ज मागे घ्या, विषय मिटेल."

"तुमचा असा फोटो आला असता, तर घेतला असता मागे?"

"पुरुषाचं वेगळं असतं हो."

संध्याकाळी आरशासमोर गळ्याचं बटण लावताना तिची बोटं थांबली. मानेखाली दुसरंच कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. सभागृहापर्यंत ते सोबत आलं.

ती बोलायला उठली तशी मागे खसखस पिकली.

"त्या फोटोत आम्ही दोघी आहोत," ती म्हणाली. "माझा चेहरा तुमच्या ओळखीचा. मानेखालची बाई कोण? तिच्या खांद्यावर लसीचा वण आहे. कुणीतरी तिला मांडीवर घट्ट धरून ती लस टोचून घेतली असेल. तिला कुणी विचारलं?"

हसू विरलं. काही फोन पालथे झाले, सगळे नाही.

"अर्ज मी मागे घेणार नाही. आता पाण्याचं बोलू."

दाराशी फोटोवाला उभा होता. तो वण त्यानेही पाहिला होता, उजेड तपासताना. त्यावर उजेड उजवीकडून पडला होता, एवढंच त्याला आठवत होतं.