निळ्या मोटारीतली काळी डबी

मित्रांनो, मला जुनी म्हटलेले चालेल. मोडकी म्हटलेले चालणार नाही. मी वेल्समधल्या कूमग्लास खोऱ्यातील नेस्ता प्यू यांच्या घरची फिकट निळी मोटार आहे. माझे वय वीस वर्षे. माणसांत हे कोवळे वय समजतात, पण मोटारींच्या जातीत मी पणजी ठरते, आणि पणजी बोलू लागली की मुलांनी सरळ बसून ऐकावे, अशी माझी अपेक्षा असते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रे, ठिणग्या, रंगाचे फवारे यांतून निघून मी माझ्यासारख्याच दोन-तीनशे बहिणींच्या रांगेत उभी राहिले. त्यांपैकी पुष्कळ जणी शहरात गेल्या. माझ्या नशिबी मेंढ्या आल्या. नेस्ताबाई मला पाहायला आल्या तेव्हा त्यांनी टायरला बुटाच्या टोकाने टोचून पाहिले, बॉनेट उघडून आत नाक घातले आणि विक्रेत्याला विचारले, "मागे मेंढी मावते का, तेवढं सांगा. बाकीचं मला दिसतंय."

मावली. पुढे एकदा तर दोन मावल्या.

नेस्ताबाई टपाल वाटण्याचे काम करीत. सकाळी त्या सरकारी लाल गाडी हाकत आणि दुपारनंतर मला. डोंगरातल्या अरुंद वाटांवरून आठच्या आत शेवटचे पत्र दारात पडले पाहिजे, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम होता, आणि गाडीला एक ओरखडाही नाही, हा त्यांचा अभिमान. माझ्या मागच्या बाकावर कोकरे बसली, अंड्यांचे ट्रे बसले, प्रार्थनामंदिराची फुले बसली. लोक म्हणत, "नेस्ताची निळी आली, म्हणजे घड्याळ लावून घ्या." हे ऐकून माझे इंजिन एक सूर वर जाई.

पुढे त्यांचे यजमान हौवेल वारले. बाईंनी मला गोठ्याशेजारच्या शेडमध्ये लावले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि सात वर्षे माझ्याकडे पाहिले नाही. ते दिवस मी सांगत बसणार नाही. उंदरांनी बैठक कुरतडली. एका कोंबडीने माझ्या पेडलांशी अंडी घातली, आणि ती उबवूनही दाखवली. तेवढीच घरात हालचाल.

मग नेस्ताबाईंची नात एलेरी अठरा वर्षांची झाली. पहिल्याच परीक्षेत तिला वाहन चालवण्याचा परवाना मिळाला आणि सोळा मैलांवरच्या चीजच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून जागाही मिळाली. सकाळी साडेसहाला हजर व्हायचे होते. आमच्या खोऱ्यातली पहिली बस मात्र नऊला निघते. तेव्हा तिच्या वडिलांनी, एमलिनने, मला बाहेर काढले, धुतले, नवी बॅटरी आणि चार नवे टायर दिले. मी पहिल्या किल्लीला उठले.

एवढे झाल्यावर विमा आडवा आला. माझ्या बॉनेटवर चहाचे कप ठेवून तिघे उभे होते, आणि एमलिन फोनमध्ये पाहत होता.

"दोन हजार सहाशे पौंड," तो म्हणाला. "एका वर्षाचे. गाडी स्वतः नऊशेचीही नाही."

चारचौघांत किंमत काढलेली कोणाला आवडते?

"मी अजून कुणाला ठोकलेलं नाही, बाबा," एलेरी म्हणाली.

"तू नाहीस गं. तुझ्या वयाच्या बाकीच्यांनी ठोकलंय. त्यांचं तू भरायचं." मग तो नेस्ताबाईंकडे वळला. "आई, विमा तुझ्या नावावर घेऊ. मुख्य चालक तू, ही आपली कधीमधी चालवणारी. निम्म्यात भागतं. सगळं खोरं असंच करतं."

"सगळं खोरं खोटं लिहितं, म्हणून मी लिहायचं? प्रार्थनेला मी पुढच्या बाकावर बसते, एमलिन. आणि उद्या पोरीच्या हातून काही झालं, तर कंपनी म्हणेल, कागदच खोटा आहे, आम्ही देणं लागत नाही. मग मेंढ्या विकशील?"

एमलिनने चहा संपवला. एलेरीने फोन घेऊन आणखी शोधले. मुख्य चालक ती स्वतः, दुसरी चालक म्हणून एखादी अनुभवी व्यक्ती, आणि गाडीत नजर ठेवणारी एक काळी डबी बसवायची, असे केले तर चौदाशे पौंड होत होते. तेवढी तिची शिल्लक होती.

"घाल आजीचं नाव," एमलिन म्हणाला. "नुसतं नाव. चालवायची गरज नाही."

"माझं नाव कागदावर असेल, तर मी चालवणार," नेस्ताबाई म्हणाल्या. "बुधवारी पोरीला सुट्टी असते ना? मग बुधवार माझा."

अशा रीतीने ती डबी माझ्या डॅशबोर्डखाली राहायला आली. आकार मुठीएवढा. आमचे फारसे जमले नाही. ती बोलत नसे, नुसती टिपून घेई: वेग किती, ब्रेक कसा दाबला, वळण कसे घेतले. रोज संध्याकाळी एलेरीच्या फोनवर शंभरपैकी गुण येत. बेफाम चालवल्याचे आढळले की ताकीद देणारे पत्र येई, आणि तिसऱ्या पत्रानंतर विमा रद्द होणार होता. ज्याचा विमा एकदा रद्द झाला, त्याला पुढे कोणतीही कंपनी सुखासुखी दारात उभे करीत नाही. म्हणजे माझे चाक थांबले असते आणि एलेरीची जागाही गेली असती.

एलेरी चालवायची कशी, ते सांगते. चीज करताना उरलेले पाणी ती रोज वडिलांच्या डुकरांसाठी बादलीतून आणी. बादलीला झाकण नव्हते. ती चालकाशेजारच्या बैठकीपुढे खाली ठेवलेली असे, आणि सोळा मैलांत माझ्या चटईवर थेंब पडत नसे. तिचे गुण नव्वदच्या खाली येत नसत.

बुधवारी मात्र नेस्ताबाई डोक्यावर हॅट आणि हातांत मोजे घालून येत, आणि आम्ही निघालो की आठच्या आत टपाल पोहोचवायचे असल्यासारखे निघत असू. सरळ रस्ता दिसला की वेग, वळण आले की ब्रेक. मला मजा येई, हे मी कबूल करते. इतक्या वर्षांनी बाई गाणे गुणगुणत होत्या. मैत्रिणींकडे जात, बाजारात भांडत, हसत परत येत.

पहिले पत्र आले. नेस्ताबाईंनी अंगणातच नातीला समोर उभे केले.

"गाडी म्हणजे खेळणं नव्हे, पोरी. जपून चालवायची."

"हो, आजी," एलेरी म्हणाली.

त्या संध्याकाळी ती एकटीच माझ्यात येऊन बसली आणि फोनवरचे गुण दिवसवार पाहू लागली. गुरुवार ब्याण्णव, शुक्रवार त्र्याण्णव, बुधवार एकतीस. त्याआधीचा बुधवार अठ्ठावीस. तिने बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहिले, फोन खिशात टाकला आणि घरात जाऊन काहीच सांगितले नाही. मला वाचा असती तर मी बोलले असते. निदान, बोलले असते असे मला वाटते.

दुसरे पत्र बुधवारीच आले. बाई मोजे चढवत माझ्याकडे येत होत्या आणि एमलिन पत्र घेऊन लेकीवर तापला होता.

"जागा आणि वेळसुद्धा छापलीय यांनी. दगडी पूल, दहा चाळीस, पन्नासवरून पंधरावर एका दमात. बाजाराचा चढ, अकरा पाच. कुठे निघाली होतीस एवढी घाईने?"



"तारीख वाच," नेस्ताबाई म्हणाल्या.

"चौदा."

"वार कोणता होता?"

एमलिनने बोटांवर मोजले. "बुधवार," तो म्हणाला. बाईंनी एक मोजा काढला, मग दुसरा.

"तुला माहीत होतं?" त्यांनी नातीला विचारले.

"पहिल्या पत्रापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू परत बाहेर पडायला लागलीस, आजी. मला ते मोडायचं नव्हतं."

"आणि नोकरी मोडली असती ती?" बाईंचा आवाज चढला आणि तेवढ्यातच खाली आला. "दे तो फोन."

त्यांनी कंपनीला फोन लावला. "मी नेस्ता प्यू. वय सत्त्याहत्तर. तुम्ही ज्या मुलीला दोन पत्रं पाठवलीत, ती मुलगी निर्दोष आहे. दोन्ही वेळा गाडी मी चालवत होते. तसं लिहून घ्या."

पलीकडचा तरुण नम्र होता. डबीला चालक ओळखता येत नाही, तो म्हणाला. नोंद गाडीचीच होते. हवे तर बाईंचे नाव काढता येईल, पण मग रक्कम वाढेल.

"नाव राहील," बाई म्हणाल्या. "चालवणं बदलेल."

फोन ठेवून त्यांनी किल्ली एलेरीच्या हातात दिली. "शिकव."

एलेरीने डुकरांची बादली चीजच्या पाण्याने काठोकाठ भरून माझ्यात ठेवली. पहिल्या वळणावर निम्मी सांडली. मित्रांनो, तो वास मला तीन आठवडे पुरला.

"तीस वर्षं टपाल वाटलंय मी," बाई करवादल्या.

"टपाल सांडत नाही, आजी. हे सांडतं."

दुसऱ्या बुधवारी पाव बादली सांडली, तिसऱ्या बुधवारी पेलाभर. बाईंना वळणाच्या कितीतरी आधी पाय उचलायला शिकावे लागले, मागून हॉर्न वाजला तरी शांत राहावे लागले, आणि हे दुसरे त्यांना जास्त जड गेले. चौथ्या बुधवारी आम्ही बाजारात जाऊन आलो आणि चटई कोरडी होती. संध्याकाळी एलेरीने फोन पाहिला.

"चौऱ्याण्णव. माझे काल ब्याण्णव होते."

बाईंनी मोजे घडी करून हॅटमध्ये ठेवले. रविवारी मात्र प्रार्थनेला आलेल्या प्रत्येक माणसाला तो आकडा कळला होता.

तिसरे पत्र कधीच आले नाही. एलेरी अजून रोज पहाटे मला घेऊन कामावर जाते, आणि बुधवारी आम्ही दोघी म्हाताऱ्या हळूहळू बाजाराला जातो.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या गाड्यांचे तेल वेळेवर बदला, टायरमध्ये हवा ठेवा आणि आम्हाला सात-सात वर्षे अंधारात उभे करू नका, एवढे मी मागते. आणि एक आज्ञाच समजा. घरात, शाळेत, कामावर काही बिघडले आणि सगळ्यांची नजर जो सर्वांत नवा आहे त्याच्याकडे वळली, तर त्याला बोल लावण्याआधी बुधवार कोणाचा होता, तेवढे विचारा.