भिंतीवरची सजावट

नोटबुर्गाने नवऱ्याला सोडलं ते सरसाच्या वासापायी. दुसरी बाई असती तर निदान भांडता तरी आलं असतं. पण कोर्बिनिअनचा जीव होता स्की बनवण्यावर, आणि थंडीत सरस वाळत नाही म्हणून तो चिकटवलेल्या पट्ट्या स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला आणून ठेवायचा. लग्न टिकलं तोवर सूपला सरसाचा वास आला. मग ती आपल्या दुकानाच्या माडीवर राहायला गेली आणि तो गावाबाहेरच्या बंद पडलेल्या दूध डेअरीत. घटस्फोट अगदी सामोपचाराने झाला. भांडी, गाडी, मांजर, सगळ्याची वाटणी झाली. तिच्या दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या त्याच्या पाच जोड्यांचा विषय मात्र दोघांनीही काढला नाही. त्या तिथेच राहिल्या.

हिंटरग्राउ गावात स्की भाड्याने आणि विकत देणारं तेवढं एकच दुकान. कोर्बिनिअनचा माल खपायचा तो ह्याच भिंतीवरून. इंटरनेटवरही त्याचं एक पान होतं; त्यावर कित्येक वर्षं ‘लवकरच येत आहोत’ एवढंच लिहिलेलं होतं.

गावाला त्याचा फार अभिमान. इन्सब्रुकहून पाहुणा आला की लोक त्याला डेअरी दाखवायला नेत, ‘आमचा कोर्बी, सगळं हाताने’ म्हणत, लाकडावरून हात फिरवायला लावत, आणि स्वतःसाठी एका बड्या कंपनीच्या स्की घेत. कंपनीच्या स्की मागवल्या की चार दिवसांत घरी येत. कोर्बिनिअनकडे मागवल्या तर तो आधी तुमच्या गुडघ्यांची चौकशी करी आणि मग पुढच्या हिवाळ्याचं बोलू लागे.

यंदा मात्र पेच पडला. नोटबुर्गाच्या भाड्याच्या स्कींवरचे, बूट पकडून ठेवणारे खटके इतके जुने झाले होते, की पुढच्या हिवाळ्यापासून ते चालणार नाहीत असं विमावाल्यांनी कळवलं. सगळाच्या सगळा साठा नवा घ्यायची तिची ऐपत नव्हती. तेव्हा कंपनीने मदतीचा हात पुढे केला. दुकानभर नव्या स्की, वर झगझगीत मांडण्या, सगळं फुकट. अट एकच: दुकानात दुसऱ्या कुणाची स्की दिसता कामा नये.

म्हणजे पाच जोड्या उतरवायच्या. आणि त्या उतरल्या की डेअरीला कुलूप. हे तिला कळत होतं, त्यालाही कळत होतं. त्यामुळे तो हल्ली दुकानात आला की भिंतीकडे पाठ करून उभा राहायचा.

त्या गुरुवारी तो सकाळीच नवी जोडी घेऊन आला.

“बुर्गी, ह्यांना खटके लावून दे. वर ट्सेन्झीच्या खानावळीतून येताना चालवून बघतो.”

“नुसती काळी? चित्र कुठाय?”

“वरचा छापील थर आला नाही अजून.”

“म्हणजे तू मागवायला विसरलास.”

“लाकडाला चित्र कशाला लागतं?”

“गिऱ्हाइकाला लागतं रे.” ती खटके आवळू लागली.

“कंपनीवाला आज येणार ना?” कोर्बिनिअनने फरशीला विचारलं.

“येईल.”

“सही करणार?”

“तू खटक्यांसाठी आलायस की चौकशीसाठी?”

तो गेला आणि थोड्याच वेळात कंपनीचा माणूस हजर झाला. लीनुस श्टादलमान. बोलायला गोड, दात एकसारखे. त्याच्याही काखेत काळी जोडी होती, पण ही काळी होती ती गुप्ततेसाठी. “आणखी दोन वर्षांनी बाजारात येणार, बाईसाहेब. अजून जगाने पाहिलेली नाही. क्षणभरही नजरेआड करायची नाही असा हुकूम आहे मला.” नोटबुर्गाने त्याच खोक्यातले खटके त्यालाही लावून दिले. बुटाचं माप कोर्बिनिअनएवढंच निघालं. मोठ्या उद्योगात आणि छोट्या उद्योगात तेवढं एक साम्य तिला तोवर दिसलं होतं.

डोंगरावर हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना तू म्हणतात, मंत्री असो की गवळी. त्यामुळे दोघं जेवायला वर गेली तेव्हा खुर्चीच्या रोपवेतून उतरेपर्यंत श्टादलमानसाहेबांचा लीनुस झाला होता. ट्सेन्झीच्या खानावळीच्या दाराशी तो स्की छातीशी धरून अडला.

“ही मी आत आणतो. टेबलाखाली ठेवीन.”

“स्की आत?” म्हातारी ट्सेन्झी पळी घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. “मग गाईही घेऊन ये. त्यांनाही बाहेर थंडी वाजते.”

“जोडी फोडून ठेव,” नोटबुर्गाने समजावलं. “आम्ही सगळे तसंच करतो. एक ह्या भिंतीला, दुसरी मागच्या. एका पायाची स्की चोराच्या काय कामाची?”

“आणि हे चालतं?”

“माझ्या आज्यापासून चालतंय.”

लीनुस जड मनाने जोडी फोडून आत आला. गरम चीजमधले नोकन, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, समोर आल्यावर त्याचं मन जरा हलकं झालं. एवढ्यात कोर्बिनिअनही आला, सवयीने आपली जोडी दोन भिंतींना फोडून ठेवून शेकोटीपाशी बसला.

“तूच ना तो हाताने बनवणारा?” लीनुस म्हणाला. “मला तुझ्याबद्दल फार आदर आहे.”

“आदर तुझ्याकडेच ठेव. भिंत सोड.”

“अरे, शेवटी फरक पायाला कळतो.”

“कळतोच. माझी स्की मी डोळे मिटून ओळखीन.”

“मीही आमची ओळखीन.”

“मग दोघंही डोळे उघडे ठेवून जेवा,” ट्सेन्झी म्हणाली. “गार होतंय.”

लीनुसने करार काढला, तो नोटबुर्गाने ताटापासून दूर सारला. सही खाली, दुकानात, ती म्हणाली. इथे कागदाला चीज लागेल. खरं तर चीजची तिला काही काळजी नव्हती.

जेवणं होईस्तोवर धुकं उतरलं. लीनुसने दोन्ही भिंतींवरून एकेक काळी स्की उचलली आणि ती दोघं निघाली. धुक्यात तिला तो दिसत नव्हता, ऐकू मात्र येत होता. “पाय बघ कसे एकजीव झालेत! ह्याला म्हणतात संशोधन!” कोर्बिनिअन जरा वेळाने, भिंतींशी उरलेल्या काळ्या घेऊन उतरला.

दुकानात आल्यावर लीनुसने खिशातलं यंत्र काढून आपल्या स्कींमधल्या चिपची नोंद करायला घेतली. एक स्की पीप म्हणाली. दुसरी गप्प. त्याने ती बाहीने पुसली. तरी गप्प. मग त्याने ती उलटी केली. शेपटाशी पटाशीने कोरलेलं एक छोटं मांजर होतं. वाटणीत मांजर नोटबुर्गाकडे आलं होतं. तेव्हापासून कोर्बिनिअन ते स्कींवर कोरायचा.

“माझी दुसरी कुठाय?” लीनुसने विचारलं.

“कोर्बीकडे असणार.”

“प्रतिस्पर्ध्याकडे?”

“त्याला असं म्हणू नका हं. फुशारून जाईल.”

डेअरीत कोर्बिनिअनने एक स्की शिकंज्यात उलटी आवळली होती आणि तिच्या पोलादी कडेवर मन लावून कानस चालवत होता.

“ये, बुर्गी. आज डावी अशी धावली म्हणून सांगू! पण कड काय घासलीय! मीच घासली असणार, दुसरं कोण? लाज वाटली मला. आता बघ, केस कापेल.”

लीनुस दुधाच्या एका रिकाम्या कॅनवर बसला. “ती आमची आहे,” तो म्हणाला.

कोर्बिनिअनने शिकंजा सैल केला, स्की फिरवली, मांजर शोधलं. मांजर नव्हतं.

“चांगली आहे,” मयताला आलेल्या माणसाच्या सुरात तो म्हणाला.

“तुझीही,” लीनुस म्हणाला. गाव हजार मीटरच्या खाली आहे हे तो विसरला होता. “मला काहीच कळलं नाही. आता मला लिहावं लागणार, की गुप्त स्की दुसऱ्याच्या कारखान्यात गेली आणि तिला कानस लागली.”

नोटबुर्गा दोघांकडे बघत राहिली. कुणाची स्की सरस, हा प्रश्न ती गेले कित्येक दिवस डोक्यात वागवत होती, आणि उत्तर कंपनीच्या बाजूने निघालं तर सही करायला सोपं जाईल अशी तिला आशा होती. आता प्रश्नच मिटला होता. एखाद्या पोराची स्की उकलली तर कोर्बी ती दुपारपर्यंत जोडून देतो आणि कंपनी फोनवर संगीत ऐकवते, हे जोड्या न उतरवायला एक कारण होतं. पण तेही खरं कारण नव्हतं. त्या जोड्या तिथे असाव्यात असं तिला वाटत होतं. तिने ते कारण उलटंसुलटं करून पाहिलं. पुरेसं होतं.

“पाच जोड्या उतरणार नाहीत,” ती म्हणाली. “करार नाही झाला तरी चालेल.”

कानस टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

“भिंतीवर,” लीनुस हळूच म्हणाला, “गाईच्या घंटा वगैरे असतात त्या चालतात. स्थानिक सजावटीला आमच्याकडे उत्तेजनच आहे.”

“मग तसं लिहा.”

“सजावट?” कोर्बिनिअन उसळला. “मी आयुष्य घातलं ह्यात, आणि सजावट?”

“तू गप रे. आणि सजावट विकता येते का हो?”

लीनुसने विचार केला. “करारात मनाई नाही.” त्याने गुडघ्यावर कागद ठेवून ओळ घातली. आपल्या अहवालात त्याने ‘स्थानिक परिस्थितीत कडांची चाचणी यशस्वी’ असं लिहिलं. परक्याची स्की नेणाऱ्याने बाटली फोडायची असा गावचा रिवाज आहे. गुन्हेगार दोन असल्यामुळे दोन फुटल्या.

पुढच्या हिवाळ्यात दुकान कंपनीच्या नव्या कोऱ्या स्कींनी भरून गेलं. भिंतीवर पाच जोड्या, खाली पाटी: ‘सजावट’. पहिल्याच आठवड्यात व्हिएन्नाचा एक दंतवैद्य पाटीसमोर थबकला.

“ह्या विकायच्या आहेत का?”

“नाही. सजावट आहे.”

त्याला त्याच हव्या होत्या. इतकी वर्षं विकायला ठेवलेल्या वस्तूकडे लोक कौतुकाने बघून पुढे जात. न विकायच्या वस्तूसाठी ते थांबू लागले. भिंत रिकामी झाली, तशी कंपनीकडून ताकीद आली: करारात नमूद केलेली स्थानिक सजावट जागेवर नाही, ती ताबडतोब पुरवावी.

कोर्बिनिअन दुसऱ्या दिवशी माडीच्या दारात उभा राहिला. काखेत पट्ट्यांच्या दोन जोड्या.

“डेअरीत वाळत नाहीयेत गं. आणि तुझी कंपनी घाई करतेय.”

“माझी कंपनी?” नोटबुर्गाने दार उघडं धरलं. “दोनच जोड्या. आणि खिडकी बंद करायची नाही.”

दुपारी सूपला सरसाचा वास आला. तिने चव घेतली, त्यात थोडं मीठ वाढवलं आणि दोन वाडगे काढले.