पत्ते उताणे

आधीच सांगून टाकते, राग माझ्या नाकावर असतो. त्यामुळे पोकरच्या स्पर्धेच्या हॉलमध्ये शिरताना दारातला माणूस आम्हा दोघींना म्हणाला, "बघायला आलेल्यांनी मागे बसा," तेव्हा मी त्याला तिथल्या तिथे धुऊन काढणार होते. धुण्याचाच तर धंदा आमचा! पण जाऊबाईंनी माझा दंड धरला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "खेळायला आलोय, दादा. आमच्या खुर्च्या कुठल्या तेवढं सांगा."

हॉलभर टेबलं, टेबलाभोवती पुरुषच पुरुष, आणि बायका म्हणाल तर आम्ही दोघी. सगळ्या माना वळल्या. मला तर काय मजा येत होती म्हणून सांगू!

आमचं लाँड्रीचं दुकान आहे. आम्ही दोघी ते चालवतो. आमचे नवरे, म्हणजे दोघे सख्खे भाऊ, बाहेरगावी मालगाड्या हाकतात आणि पत्त्यांतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. जाऊबाईंनी मला पोकर शिकवलं ते इस्त्रीच्या टेबलावर. मशीन फिरत असलं की आम्ही रिकाम्या. गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून गळलेली बटणं बरणीत साठवलेली, तीच आमची नाणी. खेळ सोपा आहे. हातात दोन पत्ते, मध्ये पाच उघडे पत्ते दोघींचे सामायिक, आणि बाकी सगळी थापेबाजी. पण दुकानाचा एक खास नियम होता. डाव संपला की जिंकणारीने आणि पत्ते टाकून डाव सोडणारीनेही आपले पत्ते उताणे करायचे. हा नियम माझ्यामुळेच आला. पत्ते टाकल्यावर मी दिवसभर "वहिनी, काय होतं तुमच्याकडे? सांगा ना!" असा पिच्छा पुरवायचे. जाऊबाई वैतागल्या आणि म्हणाल्या, "बघ बाई एकदाचे, आणि ते शर्ट घे हातात."

स्पर्धा जिंकणाऱ्याला मोठ्या स्पर्धेत खुर्ची मिळणार होती. तिथे सगळीकडचे नावाजलेले खेळाडू येतात. ती खुर्ची जाऊबाईंना हवी होती. गेल्या वर्षी त्या शेवटच्या टेबलापर्यंत पोचल्या आणि एका गॉगलवाल्याने थाप मारून त्यांना मोठ्या डावात पत्ते टाकायला लावले, आणि मग त्या बाहेरच पडल्या. आपले पत्ते त्याने दाखवलेसुद्धा नाहीत, नुसता हसला. तेव्हापासून इस्त्री करता करता त्या मध्येच थांबायच्या. "अगं, त्याच्याकडे काहीच नव्हतं!" कॉलर तशीच, आणि डोळे कुठे भलतीकडे. यंदा त्यांनी ठरवूनच टाकलं होतं, आता नाही तर परत यायचंच नाही. मी गेले होते सोबतीला म्हणून. म्हणजे सगळ्यांना तसं सांगितलं होतं. खेळायला बसल्यावर मात्र ती खुर्ची मलाही दिसायला लागली, खोटं कशाला बोलू?

दुपारपर्यंत काय घडलं ते विचारू नका! गॉगलवाला जाऊबाईंच्याच टेबलावर आला. "काय वहिनी, यंदा पण?" म्हणाला. यांनी मान खाली घालून त्याला खेळवत खेळवत असा भरीला पाडला, की गड्याने सगळी नाणी पुढे ढकलली आणि जाऊबाईंनी राण्यांची तिकडी उघडली. गॉगल काढून डोळे पुसायची वेळ आली त्याच्यावर. इकडे माझ्याही टेबलावर नशिबाने नुसता कहर केला होता. एकेक जण उठत गेला, टेबलं रिकामी झाली, आणि शेवटी हॉलच्या मधोमध एकाच टेबलावर समोरासमोर दोघीच उरलो. मी आणि माझ्या जाऊबाई!

लोक आमच्याभोवती दाटीवाटीने उभे. कुणीतरी म्हणालं, "घरचंच प्रकरण आहे, वाटून घेतील." जाऊबाईंचे कान लाल झालेले मी पाहिले.

आणि तेव्हाच मी माती खाल्ली.

जाऊबाईंच्या पुढ्यातली नाणी कमी झाली होती. त्यांनी होती नव्हती ती सगळी पुढे सरकवली. माझ्या हातात दोन राजे. दोन राजे! माझ्याकडे त्यांच्या दुप्पट नाणी, मी हो म्हटलं तर बहुतेक त्या संपल्याच. त्यांच्या कपाळावर घाम, आणि मला दिसत होती ती अर्धवट इस्त्री केलेली कॉलर. त्यांना उठवणं मला जमेना. मी पत्ते टाकले आणि हात सवयीने वळला. उताणे!

टेबलावर दोन राजे चमकत पडले. समोर जाऊबाईंचेही पत्ते सवयीने उलटले होते, गुलाम आणि नव्वी.

हॉलमध्ये गलका झाला. "बघा, म्हटलं नव्हतं!" "राजे कुणी टाकतं का?" गॉगलवाला तर नाचायचाच बाकी होता. पंच टेबलाशी आले आणि मला म्हणाले, "मुद्दाम हरणं इथे चालत नाही. पुन्हा दिसलं तर दोघीही बाद."

पंचांचं मला काही वाटलं नाही. मी जाऊबाईंकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्या माझ्यावर कधी ओरडल्या नव्हत्या, आणि आताही ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुला खेळायला शिकवलं ते यासाठी? आता मी जिंकले तरी लोक म्हणतील, धाकटीने दिली. तशी खुर्ची मला नको. मला हरव, नाहीतर माझ्याशी बोलू नकोस."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आणि मग आला राग. स्वतःचा, त्या गॉगलचा, त्या "घरचंच प्रकरण" म्हणणाऱ्याचा. ठीक आहे, म्हटलं. आता बघाच!

खेळले मी! देवाशप्पथ सांगते, आयुष्यात तशी खेळले नव्हते. जाऊबाईंना दोनदा पार कड्यावर नेलं, दोनदा त्या परत आल्या. गर्दी ओरडत होती, कुणी माझ्या नावाने, कुणी त्यांच्या. दारातला तो मघाचा माणूससुद्धा खुर्चीवर चढून बघत होता. हळूहळू आमचे ढीग सारखे झाले.

मग एका डावात मध्ये तीन बदाम पडले आणि जाऊबाईंनी मोठा डोंगर पुढे सरकवला, चेहऱ्यावर रेषसुद्धा न हलवता. माझ्याकडे एक्क्यांची जोडी जमली होती, पण त्यांच्या हातात आणखी दोन बदाम असणार हे उघड होतं, आणि एका रंगाच्या पाच पत्त्यांपुढे जोडी काय टिकणार? मी विचार केला, पुन्हा केला आणि पत्ते टाकले. या वेळी अगदी प्रामाणिकपणे.

जाऊबाईंनी पत्ते उताणे केले. किलवरची सत्ती, चौकटची दुर्री. काहीच नाही!

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मला फसवलं? मला? रोज माझ्याच हातचा चहा पिऊन?

पुढच्याच डावात मला दोन राण्या आल्या. जाऊबाईंनी शांतपणे सगळा ढीग पुढे ढकलला. "परत तेच का, वहिनी?" मी जवळजवळ किंचाळले. "या वेळी नाही हं फसायची!" आणि माझं होतं ते सगळं ढकललं.

मी राण्या उघडल्या. त्यांनी उघडले दोन एक्के.

मधले पाच पत्ते एकेक करून पडले. एकाही राणीने मला तोंड दाखवलं नाही. जाऊबाईंचा ढीग माझ्याहून मोठा होता, म्हणजे संपलंच. मी टेबलावर अशी मूठ आपटली की नाणी उडाली. "शी! अशी कशी अडकले मी! तो आधीचा डाव दाखवलात म्हणून! राण्या होत्या माझ्याकडे, वहिनी, राण्या!" गाल तापले होते, डोळे वाहत होते आणि माझी बडबड थांबत नव्हती. मला जिंकायचं होतं. खरंच जिंकायचं होतं!

लोक टाळ्या वाजवत होते. गॉगलवालाही वाजवत होता. या वेळी कुणी म्हणालं नाही की धाकटीने दिली.

जाऊबाई उठून टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आल्या आणि माझा लालबुंद चेहरा निरखून बघायला लागल्या.

"खरंच चिडलीस का गं?"

"भयंकर!" मी म्हटलं. "आठवडाभर बोलणार नाही तुमच्याशी."

त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि इतक्या हसल्या की त्यांच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मग मिळाली मला खुर्ची," त्या म्हणाल्या. "आता मिळाली."